पडद्यावरचा शेठजी आणि माळ्यावरची वही

चित्रपटाचा शौक ही आमच्या घराण्यात कधीच प्रतिष्ठेची बाब नव्हती. बापूजींच्या मते माणसाने सूर्यास्तापूर्वी जेवावे, प्रतिक्रमण करावे, दिवसाचा रोजमेळ जुळवावा आणि झोपावे. या क्रमात चित्रपटाला कोठेच जागा नव्हती. तरीही मला हे वेड वयाच्या अकराव्या वर्षी लागले आणि आज बहात्तराव्या वर्षीही ते सुटलेले नाही. त्या काळी सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातील वडूज येथे आमचे धान्य-किराण्याचे दुकान होते. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरे, तेव्हा तेथे तंबूतला सिनेमा येत असे. एका वर्षी दुकानाच्या कामासाठी मुनीमजी यात्रेला निघाले, त्यांच्याबरोबर मीही गेलो आणि त्यांना गळ घालून ‘मदर इंडिया’ पाहिला. थंडीत कुडकुडत, जमिनीवर बसून पाहिलेला तो माझा पहिला चित्रपट. मध्यंतरात शेजारी बसलेल्या एका शेतकऱ्याने मुनीमजींना ओळखले आणि काही न बोलता तो उठून दूर जाऊन बसला. त्याला थंडी वाजत असावी, असे मला तेव्हा वाटले.

ही आठवण पुन्हा जागी होण्याचे कारण यंदाचा पावसाळा. माझी नात पुण्यात नोकरी करते. दोन महिने घरून काम करण्याची मुभा मिळाल्यामुळे ती सांगलीला आली आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली, “दादाजी, तुम्ही इतके चित्रपट पाहता, मला निवडून दाखवा ना.” शौकीन माणसाला याहून मोठा सन्मान कोणता? नियम ठरले. दर रविवारी सायंकाळचे जेवण आटोपल्यावर एक चित्रपट, त्यानंतर अर्धा तास मोकळी चर्चा आणि पर्युषणाचे आठ दिवस संच बंद. आम्ही पाहिलेल्यांपैकी पाच चित्रपटांविषयी येथे लिहीत आहे. मी काही जाणकार समीक्षक नाही. एका व्यापाऱ्याला जे दिसले, ते त्याने मांडले आहे, इतकेच समजावे.

आरंभ अर्थातच ‘मदर इंडिया’ने केला. मेहबूब खान यांचा हा चित्रपट १९५७ चा. नर्गिस यांचा अभिनय, चिखलात रुतलेला नांगर, पुराने वाहून नेलेले पीक, हे सारे आजही तितकेच भिडते. परंतु या वेळी माझे लक्ष राहून राहून कन्हैयालाल यांच्या सुखीलालाकडे जात होते. याच कथेवरील मेहबूब यांच्या १९४० च्या ‘औरत’मध्येही सावकाराची भूमिका त्यांनीच केली होती. सतरा वर्षांच्या अंतराने दिग्दर्शकाला नायिका बदलावी लागली. सावकार मात्र तोच चालला. पाचशे रुपयांचे कर्ज, अंगठ्याखालचा मजकूर वेगळाच आणि व्याजापोटी पिकाचा तीन चतुर्थांश वाटा. बिरजू ती वही हातात घेतो, पण त्याला ती वाचता येत नाही. आपल्या घरादाराचा निकाल ज्या अक्षरांत लिहिला आहे, ती अक्षरेच त्याला परकी आहेत. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातील सर्वांत भेदक क्षण हाच आहे. पूर, मृत्यू आणि शेवटची बंदुकीची गोळी यांचा क्रम त्याच्यानंतर लागतो.

चित्रपट संपला. नात थोडा वेळ गप्प राहिली आणि मग सहजपणे तिने विचारले, “दादाजी, आपणही असेच होतो का?”

“छे!” मी म्हणालो. “आपण व्यापारी. सावकार वेगळे.” उत्तर देण्यास मला क्षणाचाही विलंब लागला नाही, हेच पुढे मला खटकू लागले.

पडद्यावरचा हा शेठजी नवा नाही. मराठी मातीत त्याचा जन्म शंभर वर्षांपूर्वी झाला. १९२५ साली बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. त्यात जमीन गमावून शहराची वाट धरणारा तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी उभा केला होता. आज त्या मूकपटाची प्रत उपलब्ध नाही. तो पाहण्याचे भाग्य आता कोणालाच लाभणार नाही. त्याची कथा नारायण हरी आपटे यांची. आपटे मूळचे सांगलीजवळच्या समडोळीचे आणि त्यांचे वास्तव्य सातारा जिल्ह्यातील कोरेगावचे. समडोळी हे नाव आपल्याला आचार्य शांतिसागर महाराजांमुळे परिचित आहे; १९२४ साली तेथेच त्यांना आचार्यपद प्राप्त झाले. त्याच गावच्या एका लेखकाने पडद्यावरच्या पहिल्या सावकाराची कथा लिहिली, हे मला फार उशिरा कळले. पशुबळीच्या प्रथेविरुद्ध उभा राहिलेला प्रभातचा ‘अमृतमंथन’ही त्यांच्याच कादंबरीवरून निघाला. तेव्हा त्यांच्या मनात व्यापाऱ्यांविषयी आकस असेल, असे म्हणणे सोपे असले तरी योग्य नाही. त्यांनी आपल्या परिसरात जे पाहिले, तेच लिहिले असणार.

हा परिसर म्हणजे जुना सातारा जिल्हा. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी गुजर आणि मारवाडी सावकारांची खते व वह्या जाळल्या. इतिहासात तो ‘दख्खनचा दंगा’ म्हणून नोंदला गेला. त्याच वर्षी आपल्याकडे कुकरूड येथेही सावकाराच्या घरातील कागदांची अशीच होळी झाली. कुकरूड तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. त्या दंग्यांत जमावाचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. हा इतिहास मला ठाऊक होता. परंतु तो ‘त्यांचा’ इतिहास आहे, आपला नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

नातीच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यावे, या हेतूने पुढच्या रविवारी मी मुद्दाम परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) निवडला. नंदू माधव यांचा दादासाहेब फाळके आणि विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई ही जोडी इतकी लोभस आहे की कर्जबाजारीपणाची कथा हसत हसत पाहावी. घरातील सामान एकामागून एक विकले जाते, विम्याचे कागद गहाण पडतात, पत्नीचे दागिने जातात, आणि तरी त्या घरात कोणाच्या कपाळावर आठी नाही. मोकाशी यांनी त्यागाचे गोडवे गायले नाहीत, याबद्दल त्यांचे विशेष अभिनंदन करावेसे वाटते. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून फाळके यांनी वाटाण्याचे रोप कसे उगवते, याचे चित्रण करून दाखविले. त्या आधारावर पैसा उभा राहिला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

“पाहिलेस?” मी नातीला विजयी स्वरात म्हणालो. “ज्या चित्रपटाने शेठजीला शंभर वर्षे खलनायक केले, तो चित्रपटच मुळी उसनवारीवर जन्मला. कोणीतरी वाटाण्याच्या रोपावर विश्वास टाकला म्हणून हे सारे झाले. पत म्हणजे विश्वासच.”

हे म्हणणे मला आजही खरे वाटते. पण नात म्हणाली, “त्यांनी ज्याला पैसे दिले, तो फाळके होता, दादाजी. लिहिता-वाचता येणारा. गहाणखत स्वतः वाचून सही करणारा.” यावर मला उत्तर सुचले नाही.

तिसऱ्या रविवारी तिने स्वतः चित्रपट निवडला. मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’, २००८ चा. जुन्नर भागातील एका खेड्यातला लहान मुलगा आणि त्याचा चितंग्या नावाचा बैल. बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडून बैल जखमी होतो. बटाट्याची लावण तोंडावर आलेली, घरात पैसा नाही. दुसरा बैल आणायचा तर चितंग्याला विकायला हवे, आणि जखमी बैलाला कसायावाचून गिऱ्हाईक नाही. शेजारची रशिदा आजारी आहे, तिला वाचविण्यासाठी सारे धडपडत आहेत. मग चितंग्याही आजारीच आहे ना, त्याला का मारायचे, हा टिंग्याचा प्रश्न. शरद गोयेकर या मुलाला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो सर्वथा उचित होता. अहिंसेवर मी आयुष्यात पुष्कळ व्याख्याने ऐकली. या मुलाचा हट्ट त्या सर्वांहून खोल गेला. याचे श्रेय दिग्दर्शकालाही आहे, कारण त्याने बापाला क्रूर दाखविले नाही. तो दुष्ट असता, तर आपण त्याच्यावर राग काढून मोकळे झालो असतो. येथे दुष्ट कोणीच नाही. एक हिशेब आहे आणि तो जुळत नाही.

चित्रपट संपल्यावर नेहमीची चर्चा झाली नाही. नातीने डोळे पुसले, आणि मी माझ्या खोलीत गेलो. ‘बैल’ या शब्दाशी काहीतरी जोडलेले होते आणि ते मला नीट आठवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी गड्याला सांगून माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढवली. बापूजी गेल्यानंतर त्यांच्या काळातील वह्या तीत तशाच ठेवल्या होत्या. वडूज सोडून आम्ही सांगलीला हळदीच्या व्यापारात आलो, तेव्हाही ती पेटी बरोबर आली. लाल कापडी बांधणीच्या त्या वह्यांत संवत २०२९ ची खातेवही सापडली. माघ महिना, म्हणजे १९७३ चा फेब्रुवारी. बहात्तरच्या दुष्काळाचा तो कडाका. विहिरी आटलेल्या, माणसे खडी फोडायला गेलेली, घरोघरी सुकडी आणि लाल मिलो. माणदेशाच्या हद्दीवरील एका वाडीतल्या कुळाचे ते खाते होते. नावे बाजूला दोन वर्षांची बाकी, बियाणे, कापड आणि महिन्या-महिन्याला उधार नेलेली ज्वारी. जमा बाजूला एकच ओळ होती: बैलजोडी एक, रुपये चारशे पन्नास. आणि खाली, खाते चुकते.

अक्षर माझे होते.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि बापूजी मला लिखापढी शिकवीत होते. रक्कम त्यांनी सांगितली असेल, पण ओळ मीच लिहिली आणि नंतर विसरून गेलो. सुकाळात त्याच जोडीचे दुप्पट आले असते, हेही मला त्या वेळी कळत होते. आमच्याकडेही वैरण नव्हती. आठ दिवसांत आम्ही ती जोडी पुढे विकली. कोणाला, हे वहीत नाही. भर दुष्काळात बैल विकत घेणारे कोण असतात, हे सांगायला वहीची गरज नाही. याच वहीत थोडी पाने पुढे, धर्मादाय खात्यात, माझ्याच अक्षरात आणखी एक ओळ आहे: पांजरपोळ, रुपये एकावन्न.

नात शेजारी येऊन उभी राहिली होती. आमच्या वह्या गुजराती लिपीत आहेत आणि तिला ती लिपी येत नाही. “काय लिहिले आहे, दादाजी?” तिने विचारले. मला ते मोठ्याने वाचून दाखवावे लागले. वाचताना जाणवले की ज्याचे ते खाते होते, त्यालाही ही अक्षरे वाचता येत नव्हती. त्याने आम्ही सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला आणि अंगठा उठविला. बिरजूच्या हातातील वही आता माझ्या हातात होती.

त्यानंतर ‘तुंबाड’ पाहिला. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट २०१८ मध्ये आला तेव्हा अनेकांनी भयपट म्हणून बाजूला ठेवला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि या वेळी त्याला पहिल्यापेक्षाही मोठा प्रेक्षक मिळाला. मला भयपट आवडत नाहीत, तरीही लोभ या विषयावर आपल्याकडे इतका स्वच्छ चित्रपट दुसरा झाला नसेल, असे माझे मत आहे. हस्तर हा देवीचा लाडका पुत्र. सोने आणि धान्य दोन्ही आपलेच व्हावे, अशी त्याची हाव. सोने त्याला मिळाले. धान्यावर हात टाकणार तोच इतर देवांनी त्याला अडविले. म्हणून तो खाली अंधारात बसला आहे, मुद्रांनी भरलेला आणि सदैव भुकेला. पिठाची बाहुली त्याच्यापुढे टाकायची, तो तिच्यावर तुटून पडला की त्याच्या मुद्रा लांबवायच्या, हा विनायकरावाचा उद्योग.

धान्याचा व्यापार केलेल्या माणसाला ही कथा वेगळीच जाणवते. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही; कोंडलेली हवा जीवघेणी असते, म्हणून आधी वारा खेळू देतात. विनायकराव दर खेपेला दोरीवरून खाली उतरू लागला की मला हरिपूर आठवे. आमचे गडी पेवात किती वेळ थांबायचे, हे जाणून असत. विनायकरावाला थांबणे ठाऊक नाही. एका मुद्रेवर भागत होते तोवर तो सुखरूप परतला. एकदम सारेच हवे झाले, तेव्हा शेवट आला. अखेरीस तो ते सारे धन मुलापुढे धरतो आणि मुलगा ते नाकारतो. परिग्रहाला मर्यादा घालावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती मर्यादा पुढच्या पिढीला घालावी लागते, हे येथे पाहायला मिळाले. चित्रपटात उणीव नाही असे नव्हे. त्यातील स्त्रिया कथेच्या कडेलाच राहतात, आणि ज्यांनी हे सारे सोसले त्यांचे मन आपल्याला फारसे उलगडत नाही.

पर्युषणापूर्वीच्या शेवटच्या रविवारी आनंद गांधी यांचा ‘शिप ऑफ थिसियस’ (२०१३) पाहिला. तो संथ आहे, काही संवाद फार पुस्तकी आहेत, आणि एकदा पाहून सारा कळेल असेही नाही. तरी आपल्या वाचकांनी तो जरूर पाहावा. त्यातील तीन कथांपैकी दुसरी मैत्रेय नावाच्या साधूची. नीरज काबी यांनी ती भूमिका केली आहे. त्या साधूच्या परंपरेचे नाव चित्रपट घेत नाही, पण अनवाणी चालणे, सूक्ष्म जीवांविषयीची दक्षता आणि शेवटी अन्नत्यागाचा विचार पाहून आपल्याला ती परंपरा ओळखू येतेच. प्राण्यांवरील औषधचाचण्यांविरुद्ध तो न्यायालयात लढत असतो. अशातच त्याला यकृताचा आजार होतो आणि तीच औषधे घेण्याची वेळ येते. तो नकार देतो, तडफडतो आणि अखेरीस जगण्याचा पर्याय स्वीकारतो. आमच्या सौ.ना हा शेवट रुचला नाही; साधूने व्रत सोडायला नको होते, असे त्यांचे म्हणणे. मला तो प्रामाणिक वाटला. दिग्दर्शकाने साधूची थट्टा केली नाही आणि त्याला देवही बनविले नाही.

माझ्यासाठी महत्त्वाची ठरली ती तिसरी कथा. नवीन हा तरुण शेअर दलाल. त्याच्या शरीरात दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविलेले आहे. शंकर नावाच्या एका गरीब गवंड्याचे मूत्रपिंड चोरले गेल्याचे त्याला कळते आणि ते आपल्याच शरीरात तर नाही ना, या शंकेने तो हादरतो. ते आपल्यात नाही हे समजल्यावर खरे तर त्याचा संबंध संपतो. पण तो थांबत नाही. थेट स्टॉकहोमपर्यंत जाऊन तो ते मूत्रपिंड मिळालेल्या माणसाला गाठतो. आणि इतके केल्यावर शंकर न्याय नको म्हणतो, पैसे घेतो. ही भूमिका सोहम शाह यांची आहे. ‘तुंबाड’चा विनायकरावही तेच. एकाच नटाने एका चित्रपटात मुद्रांच्या मागे धावणारा माणूस उभा केला आणि दुसऱ्यात, आपले देणे नसतानाही ते शोधत निघालेला व्यापारी. इतक्या वर्षांच्या चित्रपटप्रेमात शेठजीची ही दुसरी प्रतिमा मला प्रथमच भेटली.

संवत्सरीला आपण सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. यंदाही नातेवाईकांना, मित्रांना, बाजारातील व्यापाऱ्यांना दूरध्वनी केले. यादी संपली तेव्हा लक्षात आले, की आजवरच्या कोणत्याही यादीत एकही कूळ नव्हते.

पारणे झाल्यानंतर नातीने गाडी काढली आणि आम्ही त्या वाडीला गेलो. कालव्याचे पाणी आता त्या बाजूच्या काही शिवारांपर्यंत आले आहे. रस्त्याच्या कडेला हिरवे तुकडे दिसले. ज्यांचे खाते होते ते गृहस्थ केव्हाच निवर्तले होते. त्यांचे चिरंजीव भेटले, साठी उलटलेले. आमच्या दुकानाचे नाव सांगताच त्यांनी ओळखले, घोंगडी अंथरली, चहा ठेवायला सांगितले. मी वही उघडून ती ओळ त्यांना वाचून दाखविली. ते बराच वेळ ऐकत राहिले.

“आता कशाला काढता शेठ त्ये?” ते म्हणाले. मग थोडे थांबून बोलले, “तुमच्या दुकानातनं जवारी आली नसती तर आम्ही जगलो नसतो, ह्ये खरं. पर बैलं न्हेली त्या दिशी आबा जेवलं न्हाईत, ह्ये बी खरं.”

मी बैलांची नावे विचारली. “एकाचं चिमण्या,” ते म्हणाले. दुसऱ्याचे त्यांना आठवेना. त्यांच्या पत्नीने आतून एक-दोन नावे सुचविली, पण ती नंतरच्या बैलांची निघाली.

माझ्या खिशात पाकीट होते. ते काढावे की नाही, हे मला ठरविता येत नव्हते. क्षमा मागायला जायचे आणि पैसे पुढे करायचे, हे मला हलके वाटत होते. पण शंकरने पैसेच घेतले होते, आणि त्याने काय घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार नवीनला नव्हता. म्हणून मी सरळ विचारले, “माझ्याकडून काही देणे राहिले असे तुम्हांला वाटते का?” ते हसले. “आता कसला हिशेब? पर नातवाला सांगलीत डिप्लोमाला घातलाय. खोली काय मिळंना झालीया.”

आमच्या गोदामावर एक खोली रिकामी होती. मुलगा आठवड्याभरात राहायला आला. भाडे नको, असे मी सांगितले, पण आजोबांनी ऐकले नाही; फुकट राहायचे असेल तर मुलाला परत नेतो म्हणाले. तेव्हा भाडे ठरले. मी ते वहीत लिहितो, मराठीत, आणि महिन्याअखेरीस मुलाला वाचायला देतो.

वाचकहो, पडद्यावर दुष्ट शेठजी दिसला की आपण एक तर हसतो किंवा रागावतो. मीही आयुष्यभर तेच केले. त्याऐवजी एकदा आपल्या माळ्यावरची पेटी उघडून पाहावी, असे मला सुचवावेसे वाटते. तीत केवळ काळ्या ओळी असतील, असे नाही. दुष्काळात महिन्या-महिन्याला नावे लिहिलेली ती ज्वारीही त्याच वहीत आहे, आणि ती अद्याप कोणत्याही चित्रपटाने दाखविलेली नाही. ती दाखविली जावी अशी इच्छा असेल, तर आपल्याच घरातील कोणीतरी लेखणी हाती घ्यावी; पण मग जमा आणि नावे या दोन्ही बाजू लिहाव्यात. एकच बाजू लिहिलेल्या वहीला आपल्या पेढीवर कोणी वही म्हणत नाही.

नात पुण्याला परतली. निघण्यापूर्वी मी तिच्या पहिल्या रविवारच्या प्रश्नाचे उत्तर दुरुस्त केले. “आपणही असेच होतो का, असे तू विचारले होतेस,” मी म्हणालो. “थोडेसे होतो.” तिने मान हलवली आणि दिवाळीत पाहायच्या चित्रपटांची यादी माझ्या हाती दिली. ज्यांच्या घरी नातवंडे आहेत, त्यांनी हा रविवारचा नियम अवश्य सुरू करावा. चित्रपट कोणताही निवडा, परंतु त्यानंतरचा अर्धा तास चुकवू नका.